कॅमलमध्ये एएचसीचे टाइमआउट आणि रिट्राय कसे लावावेत? वजनकाट्याची एक पावती दोनदा जातेय

पऱ्हाटीवाला | मंगळवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी.

यवतमाळ जिल्ह्यात आमच्या गावाजवळ एक जिनिंग (कापसातली सरकी वेगळी करायचा कारखाना) आहे. तिथल्या वजनकाट्याचं सॉफ्टवेअर मी एकटाच सांभाळतो. दसऱ्यानंतर कापूस यायला लागला आणि तेव्हापासून झोप नाही. प्रश्न लांब आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय समजणार नाही.

काट्याचा इंडिकेटर सिरीयल पोर्टने संगणकाला जोडलेला आहे. गाडी भरलेली चढली की एक वजन, खाली करून परत आली की दुसरं वजन. माझा छोटा प्रोग्रॅम त्या दोन्हींची एक जेसन फाइल करून एका फोल्डरमध्ये टाकतो. तिथून अपाची कॅमलचा (एकीकडून दुसरीकडे डेटा नेणाऱ्या जावा लायब्ररीचा) राऊट ती फाइल उचलतो आणि नागपूरच्या आमच्या सर्व्हरला पोस्ट करतो. सर्व्हर पावती क्रमांक देतो, तो उत्तरात परत आला की पावती छापली जाते.

पूर्वी मी कॅमलचा साधा एचटीटीपी कंपोनंट वापरत होतो. नेट गेलं की सगळं अडकायचं. कुठंतरी वाचलं की असिंक्रोनस (उत्तराची वाट बघत न थांबणारा) क्लायंट वापरला तर थ्रेड (प्रोग्रॅममधला काम करणारा धागा) अडकत नाही, म्हणून एएचसी म्हणजे असिंक एचटीटीपी क्लायंट कंपोनंटवर आलो. कॅमल ३.१४, जावा ८. मशीन जुनी आहे, तिच्यावर नवीन जावा जमत नाही.

एंडपॉइंटवर, म्हणजे राऊटमध्ये सर्व्हरचा पत्ता असतो तिथे, एवढंच लिहिलंय (नावं उच्चाराप्रमाणे देतोय): क्लायंटकॉन्फिग डॉट रिक्वेस्टटाइमआउट १८००००. म्हणजे ३ मिनिटं. एरर हँडलरमध्ये मॅक्सिमम रिडिलिव्हरीज (फसलं तर कॅमलने किती वेळा परत पाठवायचं) ५, रिडिलिव्हरी डिले २०००.

आता तीन गोष्टी होतात.

टाइमआउट ३ मिनिटांचा लावला, पण लॉगमध्ये "६०००० मिलिसेकंदांनंतर रीड टाइमआउट" असं येतं. हे साठ हजार मी कुठंच लिहिलेलं नाही.

पावती निघायला कधीकधी सहा-सात मिनिटं लागतात. मागे ट्रॅक्टरची रांग.

आणि जी गोष्ट खरी जिव्हारी लागली ती ही. परवा एका शेतकऱ्याचा १४ क्विंटल कापूस सर्व्हरवर दोनदा चढला, दोन वेगवेगळ्या पावती क्रमांकांनी. हिशेबनीसाच्या लक्षात आलं, पण तोवर त्या माणसाचा चुकारा अडकला. त्याची काही चूक नसताना त्याला दोन दिवस चकरा माराव्या लागल्या. लॉगमध्ये त्या वेळी "रिमोटली क्लोज्ड" असा अपवाद दिसतो.

कोणी एएचसी नीट लावलेलं असेल तर कृपया सांगा.

---

कोर_जावा | मंगळवार, रात्री ११:१५

साठ हजाराचं कोडं सोपं आहे. एएचसीत दोन वेगळे टाइमआउट आहेत. रिक्वेस्ट टाइमआउट म्हणजे विनंती सुटल्यापासून पूर्ण उत्तर मिळेपर्यंतचा एकूण वेळ. रीड टाइमआउट म्हणजे वायरवर काहीच न येता गेलेला वेळ. दोन्हींचं मूळ मूल्य ६० सेकंद. तुम्ही पहिला वाढवला, दुसरा तसाच राहिला. ६० सेकंद काही आलं नाही की दुसरा आधी वाजतो. तिसरा कनेक्ट टाइमआउट, तो मुळात ५ सेकंद असतो.

सहा-सात मिनिटांचा हिशेबही तिथेच लागतो. पहिला प्रयत्न आणि ५ रिडिलिव्हरी मिळून ६ वेळा ६० सेकंद, मधले २-२ सेकंद वेगळे.

---

पऱ्हाटीवाला | मंगळवार, रात्री ११:२२

आत्ता डोक्यात प्रकाश पडला. म्हणजे रीड टाइमआउट पण १८०००० करू का?

---

संत्रेवाली | मंगळवार, रात्री ११:५०

नको भाऊ, थांबा. वाढवू नका, कमी करा.

मी वरुडची. आमच्याकडे संत्र्याच्या पॅकिंगवर असाच प्रकार दोन हंगाम निस्तरलाय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी दुहेरी पावती. एएचसीमध्ये मॅक्सरिक्वेस्टरिट्राय नावाचा पर्याय आहे आणि त्याचं मूळ मूल्य ५ आहे. तुम्ही तो लिहिलेला नाही, म्हणजे तो ५ वर चालू आहे. विनंती गेली आणि उत्तर यायच्या आधी कनेक्शन मध्येच तुटलं, तर एएचसी स्वतःहून तीच विनंती परत पाठवतो. गेट (माहिती मागणं) आहे की पोस्ट (माहिती पाठवणं), हे बघत नाही. तुमच्या "रिमोटली क्लोज्ड"चा अर्थ हाच. टाइमआउट झाला तर मात्र एएचसी स्वतः परत पाठवत नाही, तो अपवाद कॅमलकडे जातो आणि तिथून तुमची रिडिलिव्हरी सुरू होते.

म्हणजे पुन्हा पाठवणारे दोघे आहेत आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नाही. कनेक्शन दर वेळी तुटत राहिलं तर एएचसीचे ६ आणि कॅमलचे ६, एका फाइलमागे ३६ प्रयत्न. आणि तिसराही आहे. फाइल कंपोनंट अपयशी झालेली फाइल फोल्डरमध्येच ठेवतो आणि मूळ सेटिंगमध्ये दर ५०० मिलिसेकंदांनी फोल्डर बघतो. छत्तीस वेळा हरलेली फाइल अर्ध्या सेकंदात पुन्हा रांगेत. मूव्हफेल्ड (फसलेली फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये हलवणारा पर्याय) लावला नसेल तर याला अंतच नाही.

आता असं बघा. पहिली विनंती नागपूरला पोहोचली, सर्व्हरने क्रमांक दिला, नोंद केली, आणि उत्तर परत येताना तुमच्याकडची रेंज गेली. काट्याला वाटतं गेलंच नाही, सर्व्हरला वाटतं झालं. दुसऱ्यांदा पाठवलं की सर्व्हरला ती नवी गाडी वाटते आणि तो नवा क्रमांक देतो. टाइमआउट १८० सेकंद करा नाहीतर १८ करा, हे होतच राहणार.

तुमच्या रचनेत क्रमांक चुकीच्या ठिकाणी तयार होतोय. तो काट्यावर तयार व्हायला हवा. गाडीचं वजन झालं त्या क्षणी, नेट असो नसो. तोच क्रमांक फाइलमध्ये, तोच हेडरमध्ये, तोच सर्व्हरवर. सर्व्हरच्या टेबलमध्ये त्या क्रमांकावर युनिक इंडेक्स (तोच क्रमांक दोनदा नोंदू न देणारी अट) ठेवायचा. दुसऱ्यांदा आला तर नवी नोंद करायची नाही, आधीचंच उत्तर २०० ने, म्हणजे यशाच्या कोडने, परत द्यायचं. मग ३६ वेळा गेलं तरी एकच नोंद.

आणि क्रमांक काट्यावरच असेल तर पावती छापायला नागपूरची वाट बघायचं कारणच उरत नाही.

---

काटेवाला | बुधवार, सकाळी ६:३०

मी प्रोग्रॅमर नाई. काट्यावर बसतो, दुसऱ्या जिनिंगवर. पण ताई म्हणते ते सोळा आणे खरं हाये.

बाहेरच्या माणसाले सहा मिन्टं म्हंजे काई नाई वाटत. आमच्यापाशी संध्याकायी चाळीस गाड्या रांगेत रायते. एका पावतीले सहा मिन्टं लागले तं शेवटची गाडी रातभर थांबते. रातचं दव पडते, उघड्या ट्रॉलीतला कापूस ओल धरते. सीसीआयची (सरकारी कापूस महामंडळाची) खरेदी असली तं ओलावा ८ टक्क्यांपरेंत पुरा भाव, त्याच्या वर टक्क्याप्रमाणं कपात, अन् १२ च्या वर गेला का माल परत. सकायी वाळलेला आणलेला कापूस रातभर तुमच्या संगणकापाई ओला झाला, तं त्याचे पैसे कोण भरून देईन?

पावती आधी त्या माणसाच्या हाती द्या. नेटचं काय करायचं ते मांगून करा.

---

पऱ्हाटीवाला | बुधवार, सकाळी ७:१०

काटेवाले भाऊ, हे मी कधी या बाजूनं पाहिलंच नव्हतं. रांग दिसत होती, पण दवाचं डोक्यात नव्हतं. आजच क्रमांक काट्यावर आणतो.

ताई, क्रमांक कसा करू? केंद्राचा कोड, तारीख आणि चालू अंक असा चालेल का? शेतकऱ्याला वाचता आला पाहिजे, लांबलचक आकडे-अक्षरं नकोत.

---

गोंडवन | बुधवार, सकाळी ८:०५

तारीख टाकू नका. गडचिरोलीत धान खरेदीच्या केंद्रावर मी हे भोगलंय. जुन्या मशीनच्या मदरबोर्डवरची बॅटरी संपलेली असते. लाईन गेली, यूपीएस उतरला, मशीन बंद पडली की परत चालू होताना घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं. मग तारखेवरून केलेला क्रमांक आधीच्या क्रमांकावर आदळतो. आणि तुमचा सर्व्हर "हा तर आधीच आलाय" म्हणून खरी पावती गिळून टाकेल. दुहेरीपेक्षा ते वाईट, कारण कोणाला कळतच नाही.

केंद्राचा कोड, हंगाम आणि चालू अंक ठेवा. अंक लोकल डेटाबेसमध्ये, घड्याळाशी संबंध नको. सर्व्हरवर क्रमांक तोच पण वजन वेगळं असं आलं तर २०० देऊ नका, चूक म्हणून परत करा आणि कोणीतरी माणसानं बघावं.

घड्याळ मागे गेलं की एचटीटीपीएस पण बंद पडतं, हेही ध्यानात ठेवा. सर्टिफिकेट "अजून लागू झालेलं नाही" असं दिसतं. आम्ही आठवडाभर नेटला दोष देत होतो. बॅटरी बदलली आणि चालू झालं.

---

कोर_जावा | बुधवार, सकाळी ९:४०

बॅटरीचा मुद्दा मला कधीच सुचला नसता.

माझी एक सूचना. हे सगळं फोल्डरवर करण्यापेक्षा मध्ये काफ्का किंवा ॲक्टिव्हएमक्यू (निरोपांची रांग सांभाळणाऱ्या सेवा) का नाही ठेवत? रांग, पुनर्प्रयत्न, सगळं तयार मिळतं.

---

गोंडवन | बुधवार, सकाळी ९:५५

नागपूरच्या सर्व्हरवर ठेवायला हरकत नाही दादा. पण काट्यावर एक जुना संगणक, एक माणूस आणि दिवसातून चारदा जाणारी लाईन. तिथे आणखी एक सेवा चालवायची म्हणजे ती पडली तर उठवणार कोण? फाइल डिस्कवर असते, लाईन गेली तरी राहते. कॅमल काम चालू असलेल्या फाइलशेजारी कॅमललॉक नावाची खूण ठेवतो, आणि मशीन मध्येच बंद पडून ती खूण मागे राहिली तर पुढच्या वेळी सुरू होताना स्वतःच पुसतो. मूळ सेटिंगच तशी आहे. काट्यासाठी फोल्डर हीच रांग पुरेशी.

---

कोर_जावा | बुधवार, सकाळी १०:१०

पटलं. काट्यावर काफ्का नको.

---

पऱ्हाटीवाला | गुरुवार, रात्री ९:३०

दोन दिवसांत झालेलं सांगतो. क्रमांक काट्यावर आला. पावती वजन झाल्याबरोबर छापली जाते. सर्व्हरवर युनिक इंडेक्स लावला, पोस्टग्रेसमध्ये "कॉन्फ्लिक्ट झाल्यास काही करू नका" असा इन्सर्ट. आज संध्याकाळी रांग नव्हती. गाडी काट्यावरून उतरायच्या आत पावती हातात.

पण नेट तासभर गेलं आणि परत आलं तेव्हा सर्व्हरच्या लॉगमध्ये एकाच क्षणी साठ-सत्तर विनंत्या आल्या. अर्ध्यांचा टाइमआउट. एएचसीवर मॅक्सकनेक्शन्सपरहोस्ट २ लावून पाहिलं, तर "टू मेनी कनेक्शन्स" असा अपवाद येऊन बाकीच्या लगेच पडल्या. मला वाटलं होतं त्या थांबून राहतील.

दुसरं, काल कागद संपला होता तेव्हा छपाईच नाही, सर्व्हरची उत्तरं येणंही बंद पडलं होतं. कागदाचा आणि नेटचा काय संबंध? तेव्हा छपाई जुन्याच पद्धतीनं, उत्तर आल्यावर होत होती.

---

संत्रेवाली | गुरुवार, रात्री १०:४५

कागदाचं आधी सांगते, कारण असिंक्रोनस म्हणजे काय हे त्यातूनच नीट कळतं.

साध्या एचटीटीपीमध्ये विनंती पाठवणारा थ्रेड उत्तर येईपर्यंत उभा असतो. एएचसीमध्ये तो विनंती सोपवून मोकळा होतो. उत्तर आलं की राऊटचा पुढचा भाग वेगळ्याच थ्रेडवर चालतो, एएचसीच्या आतल्या नेटी या नेटवर्क लायब्ररीच्या आयओ थ्रेडवर. ते थ्रेड मोजकेच असतात, मूळ हिशेब कोअरच्या दुप्पट. तुमची मशीन दोन कोअरची असेल तर चार. त्यांचं काम एकच, वायरवरून येणारं वाचणं. तुम्ही त्याच थ्रेडवर छपाई केली. कागद संपला, प्रिंटर थांबला, थ्रेड प्रिंटरपाशी उभा राहिला. चार पावत्या अशा अडकल्या की सॉकेट वाचणारं कोणी उरलंच नाही. उत्तरं दारात येऊन पडली होती, घ्यायला माणूस नव्हता.

म्हणून एएचसीच्या पुढे डेटाबेस, प्रिंटर, मोठी फाइल असं काहीही असेल तर मध्ये थ्रेड्स किंवा सेडा टाकायचा, म्हणजे ते काम दुसऱ्या पूलवर जातं. कॅमलच्या रिडिलिव्हरीच्या डिलेलाही हेच लागू. तो मुळात थ्रेड अडवूनच थांबतो. असिंक डिलेड रिडिलिव्हरी चालू केली तरच थ्रेड मोकळा राहतो.

आता विनंत्यांचा पूर. तोही त्याच गुणामुळे आलाय. फाइल कंपोनंट एएचसीला फाइल देतो आणि उत्तराची वाट न बघता दुसरी उचलतो. फोल्डरमध्ये सत्तर साचल्या की सत्तरही एकदम हवेत. सिंक्रोनसमध्ये तो जो अडथळा तुम्हाला खुपत होता, तोच गर्दीही आवरत होता. मॅक्सकनेक्शन्सपरहोस्टने रांग लागत नाही, कारण मोकळं कनेक्शन मिळेपर्यंत थांबायचा वेळ, ॲक्वायर फ्री चॅनल टाइमआउट, मुळात शून्य आहे. जागा नाही म्हटलं की लगेच अपवाद.

माझं मत स्पष्ट सांगते. छपाई बाहेर काढल्यावर काट्यावरच्या राऊटला असिंक्रोनस क्लायंटची गरज राहिली नाही. एक काटा, एका वेळी एक गाडी, एका वेळी एक फाइल. तिथे साधा एचटीटीपी कंपोनंट परत लावा, टाइमआउट स्वतः लिहून. अडला तर अडू द्या, त्याच्यामागे आता कोणी शेतकरी उभा नाही.

---

कोर_जावा | गुरुवार, रात्री ११:०५

इथे मी थोडा असहमत आहे. उद्या दुसरा काटा आला तर? एएचसी ठेवून थ्रॉटल लावता येईल.

---

संत्रेवाली | गुरुवार, रात्री ११:२०

थ्रॉटल इथे सेकंदाला किती सोडायच्या हे ठरवतो, एका वेळी किती हवेत आहेत हे नाही. सर्व्हर मंद असेल तर सेकंदाला दोन सोडूनही मिनिटभरात शंभरच्या वर अडकतील. दुसरा काटा आला तर दुसरं फोल्डर आणि दुसरा राऊट. ते बघायला आणि समजायलाही सोपं.

---

पऱ्हाटीवाला | शुक्रवार, दुपारी २:१५

ताईंचं ऐकून काट्यावर साधा एचटीटीपी केला. छान चाललंय.

पण एएचसी पूर्ण सुटला नाही. नागपूरच्या सर्व्हरवर त्याची खरी गरज आहे असं मला वाटतं, चुकत असेन तर सांगा. तिथे सहा केंद्रांच्या पावत्या येतात, आणि प्रत्येकीमागे शेतकऱ्याला एसएमएस जातो आणि त्या त्या केंद्राच्या हिशेबाच्या प्रोग्रॅमला एक कॉल जातो. एसएमएसवाली सेवा कधी लगेच, कधी तीस सेकंदांनी उत्तर देते. तिथे थ्रेड अडकतात.

तिथे टूडी वापरून पत्ता जागेवर बनवतो, म्हणजे केंद्राप्रमाणे यूआरएल बदलते, शिवाय पावती क्रमांकही यूआरएलमध्येच जातो. थोड्या वेळात थ्रेडची संख्या शेकड्यांत गेली. एवढे थ्रेड असिंक्रोनसमध्ये कसे?

---

संत्रेवाली | शुक्रवार, दुपारी ३:३०

नाही, चुकत नाहीये. दुसऱ्याच्या मंद सेवेची वाट बघणं, तेही शेकडो कॉल एकदम, हेच या क्लायंटचं खरं काम.

थ्रेडचं कारण असं की कॅमलला प्रत्येक वेगळी यूआरआय हा वेगळा एंडपॉइंट वाटतो. आणि एएचसीचा प्रत्येक एंडपॉइंट, त्याला बाहेरून क्लायंट दिला नसेल तर, सुरू होताना स्वतःचा क्लायंट तयार करतो. प्रत्येक क्लायंटचे स्वतःचे आयओ थ्रेड, स्वतःचा कनेक्शन पूल. पावती क्रमांक यूआरआयमध्ये घातला म्हणजे प्रत्येक पावतीला नवा क्लायंट.

दोन गोष्टी करा. यूआरआय ठरलेली ठेवा. बदलणारा भाग एचटीटीपी पाथ आणि एचटीटीपी क्वेरी या कॅमलच्या हेडरमधून द्या, संपूर्ण पत्ताच बदलायचा असेल तर एचटीटीपी यूआरआय हेडर. बाहेरून आलेली विनंती पुढे ढकलताना तिच्यासोबतचे असे हेडर पाळायचे नसतील तर ब्रिजएंडपॉइंट चालू करा, मग एचटीटीपी यूआरआय हेडर दुर्लक्षिला जातो. दोन्ही एकदम लावू नका, नाहीतर हेडर घातला तरी काही बदलत नाही म्हणून दिवस जाईल.

दुसरं, एकच क्लायंट बीन (एकदाच बनवून सगळीकडे वापरायची वस्तू) म्हणून तयार करून एएचसी कंपोनंटवरच लावा. सगळे एंडपॉइंट तोच वापरतील.

---

पऱ्हाटीवाला | शनिवार, सकाळी ११:००

थ्रेड उतरले. पण आता एंडपॉइंटवर लिहिलेला क्लायंटकॉन्फिग डॉट रीडटाइमआउट लागतच नाही. १० सेकंद लिहिलं, लॉगमध्ये पुन्हा ६००००. तेच साठ हजार परत आले. एक्सएमएलमध्ये अँडच्या चिन्हाऐवजी अँड-एएमपी-अर्धविराम लिहायला विसरलो असेन म्हणून तेही तपासलं, ते बरोबर आहे.

---

कोर_जावा | शनिवार, सकाळी ११:२५

हे माझ्या हातून झालेलं आहे, म्हणून लगेच सांगू शकतो. एंडपॉइंटला तयार क्लायंट मिळाला की तो क्लायंटकॉन्फिगकडे बघतच नाही. ती सेटिंग नवा क्लायंट *बनवताना* वापरायची असते, आणि इथे बनवायचं कामच उरलं नाही. अपवाद नाही, इशारा नाही. सामायिक क्लायंट वापरायचा असेल तर सगळे टाइमआउट त्याच बीनच्या कॉन्फिगमध्ये, म्हणजे डिफॉल्ट असिंक एचटीटीपी क्लायंट कॉन्फिगच्या बिल्डरमध्ये लिहा.

एसएमएससाठी आणि हिशेबासाठी वेगळे टाइमआउट हवे असतील तर दोन क्लायंट बीन करा. दोन म्हणजे दोनच.

---

पऱ्हाटीवाला | शनिवार, सायंकाळी ७:४०

झालं! बरोबर १० सेकंदांनी टाइमआउट येतो. दोन क्लायंट केले.

एसएमएससाठी: कनेक्ट ३ सेकंद, रीड ४० सेकंद, रिक्वेस्ट ४५ सेकंद, मॅक्सरिक्वेस्टरिट्राय ०. एसएमएस दोनदा गेलेला चालणार नाही. शेतकऱ्याला वाटतं दोन गाड्यांचे पैसे येणार.

हिशेबासाठी: कनेक्ट ५, रीड १०, रिक्वेस्ट १५, मॅक्सरिक्वेस्टरिट्राय ०, पुन्हा पाठवण्याचं काम फक्त कॅमलकडे. रिडिलिव्हरी ४, दर वेळी दुप्पट थांबून, असिंक डिले चालू.

एक राहिलं. हिशेबाच्या प्रोग्रॅमला तीच पावती परत गेली की तो ४०९ ("हे आधीच आहे" असा चुकीचा कोड) देतो. तो प्रोग्रॅम माझा नाही, मला बदलता येत नाही. थ्रोएक्सेप्शनऑनफेल्युअर चालू असल्यामुळे ३०० आणि त्याच्या वरचं सगळं अपवाद होतं, मग रिडिलिव्हरी, परत ४०९, परत रिडिलिव्हरी.

---

संत्रेवाली | शनिवार, रात्री ८:३०

थ्रोएक्सेप्शन बंद करू नका, नाहीतर ५०० सुद्धा यशासारखा पुढे निघून जाईल. त्या अपवादासाठी, एएचसी ऑपरेशन फेल्ड एक्सेप्शनसाठी, वेगळा ऑनएक्सेप्शन लिहा. ऑनव्हेनमध्ये स्टेटस कोड ४०९ आहे का ते बघा, असेल तर हँडल्ड ट्रू आणि रिडिलिव्हरी शून्य. "आधीच पोहोचलीय" म्हणजे तुमच्यासाठी पोहोचलीच. बाकी ४०० च्या घरातल्या बहुतेक चुकाही परत पाठवून सुधारणार नाहीत, त्या मूव्हफेल्डसारख्या वेगळ्या जागी ठेवा आणि रोज संध्याकाळी कोणीतरी बघा.

आणि केंद्राची लाईन मोबाइल डोंगलवर आहे का? असेल तर पूल्डकनेक्शनआयडलटाइमआउट ६० सेकंदांवरून १५ वर आणा. पडून राहिलेलं कनेक्शन मधलं कोणीतरी तोडून टाकतं आणि तुमच्या क्लायंटला ते जिवंतच वाटतं. पुढची विनंती त्या मेलेल्या कनेक्शनवर जाते. मिनिटाला चार-दोनच कॉल असतील तर कनेक्शनक्लोज ट्रू करून टाका, दर वेळी नवं कनेक्शन. थोडं हळू, पण फसगत नाही.

---

गोंडवन | रविवार, सकाळी ९:१५

पुढचा विचार आताच करून ठेवा. कॅमल ४ मध्ये एएचसी कंपोनंट काढून टाकलाय. तिथे असिंक्रोनस हवं तर व्हर्टेक्स एचटीटीपी, नाहीतर साधा एचटीटीपी. जावाही १७ लागते. नागपूरच्या सर्व्हरवर ते करता येईल. काट्याच्या मशीनवर ३.१४ हा जावा ८ वर चालणारा शेवटचा टप्पा, ३.१५ पासून ती सुटली. काट्यावर साधा एचटीटीपी ठेवलात ते त्यामुळेही बरंच झालं, तो पुढेही आहे. व्हर्टेक्सचे पर्याय वेगळे आहेत, मूळ मूल्यंही वेगळी, हंगामात हात लावू नका. उन्हाळ्यात करा.

---

पऱ्हाटीवाला | पुढचा शनिवार, रात्री १०:१०

आठवडाभराचं कळवतो, तुम्ही सगळ्यांनी एवढा वेळ दिला म्हणून.

बुधवारी दुपारी तीन ते सव्वापाच नेट नव्हतं. ५३ गाड्यांचं वजन झालं, ५३ पावत्या तिथंच छापून हाती गेल्या. नेट आलं तेव्हा फोल्डरमधल्या फाइली एकेक करून चढल्या. रात्री मी आणि हिशेबनीस काट्याचं रजिस्टर घेऊन बसलो आणि सर्व्हरशी एकेक पावती ताडून पाहिली. ५३ ला ५३. दोन पावत्यांना हिशेबाच्या प्रोग्रॅमकडून ४०९ आला होता, म्हणजे त्या दोनदा गेल्या होत्या, पण नोंद एकच.

ज्याचा १४ क्विंटलचा चुकारा अडकला होता त्याच्या घरी जाऊन आलो. पैसे मिळालेत. चूक काट्याच्या प्रोग्रॅमची होती, तुमची नव्हती, हे त्यांना आणि त्यांच्या मुलाला समोर बसून सांगितलं.

मदरबोर्डची बॅटरी बदलली. गोंडवन भाऊ, ती खरंच संपलेली होती.

---

काटेवाला | रविवार, सकाळी ६:४५

लय बेस झालं भाऊ. आमच्या जिनिंगच्या पोराले हा धागा दाखवतो. त्याच्या प्रोग्रॅमात पावती क्रमांक अजून वरूनच येते.

---

पऱ्हाटीवाला | रविवार, सकाळी ७:२०

त्याला म्हणा, माझी फाइल कंपोनंटची आणि क्रमांकाची रचना तशीच घेऊन जा. व्यक्तिगत निरोप टाका, मी पाठवतो. तुमच्याकडे आवक जास्त आहे, या आठवड्यातच बदला.